मेनेर सुतार

“दत्तू, इकडे ये,” मी म्हणाले, आणि हॉलमधली सगळी माणसं गप्प झाली. पाळण्याच्या कडेला बायका उभ्या होत्या, त्यांच्या हातातल्या घुगऱ्यांच्या वाट्या तशाच राहिल्या. माझा मुलगा सुनील दाराजवळ कुणाशी बोलत होता, तो वळला आणि त्याचे कान लाल झाले. दत्तू म्हणजे माझा नवरा, दत्तात्रय सुतार, तेव्हा साठी ओलांडलेला. लग्न झाल्यापासून मी त्यांना अहो म्हणत आले होते. नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही पुढे राव लावून. दत्तू म्हणायची त्यांची आई, आणि ती जाऊन एक जमाना झाला होता. ते नाव मी नातवाच्या बारशाला, अमेरिकेत, परक्या लोकांनी भरलेल्या हॉलमध्ये, बैलाला हाक मारावी तसं घेतलं. त्या शांततेत एकच बाई टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, माझा उखाणा झाला.

ती बाई म्हणजे आमची शेजारीण मार्यके, आणि हे सगळं तिच्यापासून सुरू झालेलं. पण ते सांगायचं तर आधी घर सांगायला हवं. लोक म्हणतात, स्वतःचं लिहायचं तर लहानपणापासून लिहावं. माझं लहानपण लिहिण्यासारखं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, मग म्हशी, मग लग्न. मला जे थोडंफार कळलं ते त्या सहा महिन्यांत कळलं, डोक्याचे केस पांढरे झाल्यावर, कॅरी नावाच्या गावात. तेव्हा माझं मोठं होणं मी तिथलंच लिहिते.

सुनीलची बायको मानसी पोटुशी होती आणि तिच्या आईला पुण्याहून येणं जमत नव्हतं, म्हणून आम्ही दोघं गेलो. विमानतळावर चपला काढून ट्रेमध्ये ठेवायला लावत होते, तो काळ. आम्ही पोचलो तेव्हा पाइनच्या झाडांची पिवळी पूड हवेत उडत होती. गाडीवर, पायरीवर, बाहेरच्या खुर्चीवर हळद सांडल्यासारखं. घरं एकाला एक चिकटलेली, मधे एकच भिंत, मागे प्रत्येकाला हाताएवढी हिरवळ आणि कमरेएवढं कुंपण. दिवसभर माणसाचा आवाज नाही. कपडे वाळवायचं मशीन घुरघुरायचं, फ्रीजमध्ये बर्फ धाडकन पडायचा, कुणाचं तरी गॅरेज उघडायचं आणि मिटायचं, बस. सुनील सकाळी ऑफिसला जायचा. मानसी मोठं पोट घेऊन घरूनच कॉम्प्युटरवर काम करायची. मला पहिल्या दिवशी ताकीद मिळाली, “आई, फोडणी देताना पंखा ऑन करा हां, नाहीतर अलार्म वाजतो.” मी पंखा लावला तरी तो वाजलाच. छताला चिकटलेलं ते पांढरं डबडं मोहरीला शत्रू समजायचं. मग हे स्टुलावर चढून वर्तमानपत्राने त्याला वारा घालायचे आणि मी खाली लसूण जाळायची. हे म्हणजे माझे मालक. लिहितानाही माझा हात ‘हे’ असंच लिहितो.

यांनी सगळा जन्म साखर कारखान्यात फिटर म्हणून काढला. हाताखाली चार माणसं होती, पण वरचा प्रत्येक जण यांना ‘ए सुतार’ म्हणायचा. इंजिनिअरिंग शिकून नुकताच आलेला, मिशी न फुटलेला पोरगासुद्धा, ‘ए सुतार, पाना आण.’ घरी येऊन हे ते सांगायचे नाहीत, पण ज्या दिवशी असं जास्त झालेलं असे त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडलेलं असे, मग ते पडलेलं असो वा नसो. अमेरिकेत तर सगळ्यांवर कडी. तिथे बँकेतली पोरगी, दवाखान्यातली पोरगी, दुकानातली पोरगी, सगळ्या पहिल्या नावाने हाक मारायच्या. “हाय डॅटाट्रे.” यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. “सुनीलपेक्षा लहान आहे ती,” घरी येऊन म्हणायचे. “बाबा, इथे सगळेच असं बोलतात,” मानसी म्हणायची, “माझ्या बॉसलापण मी फर्स्ट नेमनेच बोलावते.” “तुझ्या बॉसने काय करायचं ते करावं,” हे म्हणायचे. मानसी सुनीललाही दिवसभर ‘अरे सुनील, अरे यार’ करायची. ते पहिले चार दिवस टोचलं, मग कानाला सवय झाली.

मी सकाळी भाकरी करायची. ज्वारीचं पीठ तिथल्या देशी दुकानात मिळायचं, जुनं आणि कडवट, पण मिळायचं. ओट्यावर परात ठेवून भाकरी थापली की आवाज सरळ भिंतीतून पलीकडे जायचा, हे आम्हाला काय माहीत. एके सकाळी दारावर टकटक झाली. यांनी दार उघडलं. दारात एक उंच, हाडकुळी, पांढऱ्या केसांची म्हातारी, पायात जाड बूट, बाजूला सायकल. त्या गावात सायकल चालवणारं ते एकच माणूस असावं. ती यांना म्हणाली, “गुड मॉर्निंग, मेनेर,” आणि मग विचारलं की तुमच्या घरात सारखं काय आपटतं, कुणी पडलं तर नाही ना. यांनी तिला आत आणून भाकरी दाखवली. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मी गरम भाकरीचा तुकडा पुढे केला. तिने तो उभ्याने खाल्ला, थँक्यू म्हणाली आणि गेली. हे दारात उभेच. मग मानसीला म्हणाले, “मेनेर म्हणजे काय गं?”

मानसीने शोधून सांगितलं. मार्यके मूळची हॉलंडची, नवरा इकडच्या एका औषध कंपनीत कामाला आला आणि इथेच वारला. तिकडे अनोळखी पुरुषाला मेनेर म्हणतात, म्हणजे साहेब, महाशय. तोंडातून सवयीने निघालं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर हे इस्त्री शोधत होते.

यांनी जन्मात इस्त्रीला हात लावला नव्हता. घरात पायजमा, बाहेर कारखान्याची खाकी, लग्नकार्यात मी काढून देईन ते. आता रोज दाढी, रोज पँट, रोज इस्त्रीचा शर्ट, आणि चहा झाला की मागच्या कुंपणाशी. ती तिच्या बाजूला गुलाबाची छाटणी करत असायची. “मेनेर सुतार,” ती म्हणायची. नुसतं मेनेर नाही आता, ओळख झाली की आडनाव लावायचं असतं म्हणे. “मेव्राउ,” हे म्हणायचे, म्हणजे बाईसाहेब. मग इंग्रजी सुरू. यांची जुनी अकरावी झालेली होती, इंग्रजी मोडकं पण धीट. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. काही कळायचं नाही, कळायची ती यांची पाठ. कारखान्यातून येताना वाकलेली असायची तीच पाठ, आता काठीसारखी सरळ. चाळीस वर्षं होत आली, मी अहो म्हणत होते. माझं अहो त्यांना ऐकूच येत नव्हतं, जसा घरातला पंखा ऐकू येत नाही. आणि एका परक्या बाईने एक शब्द टाकला तर नवरा मिलिटरीत भरती झाल्यासारखा उभा.

हे कुंपणावरून येऊन जेवताना आम्हाला शिकवायचे. पाकिटावर पुरुषाचं नाव लिहायचं तर मेनेर नाही लिहायचं, द हेर लिहायचं, म्हणजे आपलं श्रीयुत. तिच्या वडिलांच्या काळात तर इंजिनिअरला वेगळं, डॉक्टरला वेगळं, डिग्री नसलेल्या पण चांगल्या माणसाला वेगळं, लांबलचक शब्द लिहायचे, आणि चुकीच्या माणसाला चुकीचा शब्द गेला तर तो राग धरायचा. “मी म्हटलं तिला, आमच्याकडे राजमान्य राजश्री असतं, वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव. ती म्हणाली, हे तर आमच्यासारखंच. म्हणाली, अमेरिकेत माणसं पोत्यावर लेबल लावल्यासारखी नावं चिकटवून फिरतात.” सुनील हसायचा. मी भात वाढायची.

“तुम्हाला काय लिहितील मग? डिग्री नसलेल्या माणसाला?” मी विचारलं एकदा.

“आहे त्याला शब्द. चांगला आहे.”

“काय?”

“तुला म्हणता नाही यायचं.”

खरं होतं, नसतंच आलं. पण असं तोंडावर सांगायची गरज नव्हती. त्यानंतर मी रोज सकाळी कप उचलताना म्हणायची, “जा, साहेब. वाट बघत असतील.”

“कोण?”

“कोण म्हणे. गुलाब.”

एकदा तिने कॉफीला बोलावलं, दोघांना. तिच्याकडची रीत बघा. कॉफी आली, पत्र्याचा डबा आला, डबा उघडून प्रत्येकाने एक बिस्कीट घ्यायचं, एकच, आणि लगेच झाकण लावून डबा परत फडताळात. मी घरी येऊन म्हटलं, “आपल्याकडे भिकाऱ्यालासुद्धा दोन देतात.” हे म्हणाले, “त्यांची शिस्त आहे ती.” मी शंकरपाळ्या तळल्या आणि ताटभर तिला नेऊन दिल्या. तिने त्यातली एक उचलली, खाल्ली, छान म्हणाली आणि ताटावर दुसरं ताट झाकलं. नंतर ती यांना काळ्या गोळ्या द्यायला लागली. चामड्यासारख्या चिवट आणि खारट, गोड नाहीतच. हॉलंडचे लोक त्या मिठाई म्हणून खातात. मी एक तोंडात घातली आणि नळाखाली थुंकली. हे रोज एक खायचे, गाल न हलवता. माझ्या आमटीत मीठ जास्त म्हणणारा माणूस.

बाळ झालं, मुलगा. मी डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, मानसीला न्हाऊमाखू घातलं, बाळाच्या टाळूला तेल. त्या दिवसांत खरं तर मला वर बघायला सवड नव्हती, पण एवढं दिसायचंच. मार्यकेने कार्ड पाठवलं. हे ते घेऊन माझ्याकडे आले, चष्मा लावून. “बघ, पाकिटावर कसं लिहिलंय. द हेर एन मेव्राउ डी. सुतार. तूपण आहेस यात.”

“कुठे?”

“हे काय, मेव्राउ.”

“त्यात शालन कुठे आहे?”

“तसं नसतं लिहायचं,” हे म्हणाले आणि पाकीट आरशाच्या फटीत खोचलं. मी रोज भांग पाडताना ते बघायची. वाचता येत नव्हतं, पण कुठला तुकडा त्यांचा आणि कुठला माझा हे पाठ झालं होतं. आज एवढ्या वर्षांनी कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसांचं काय घेऊन बसलात, दोन घटका बोलत होते. मला तसं कधीच वाटलं नाही. मत्सर तरुणांनाच होतो असं ज्यांना वाटतं ते अजून म्हातारे झालेले नाहीत.

मग तिचा वाढदिवस आला. दिवाणखान्यात खुर्च्या गोल मांडलेल्या, त्यात आम्ही चौघं, बाळ, आणि तिच्या भाषेतली तीन-चार माणसं. जो येईल तो सगळ्या गोलाशी हात मिळवून सगळ्यांचं अभिनंदन करायचा. माझंही केलं. वाढदिवस तिचा, अभिनंदन माझं. सफरचंदाचा केक झाल्यावर मार्यके उठली, यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलली, हळू, नीट शब्द लावून. हेही उठले. तिने हात पुढे केला. यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि खाली बघून, तिलाच ऐकू जाईल असं काहीतरी उत्तर दिलं. तिचं बोलणं संपता संपताच बाळ रडलं होतं आणि मानसी त्याला घेऊन आतल्या खोलीत गेली होती. मी खुर्चीवर होते तिथेच.

रात्रीच्या जेवणाला मानसी म्हणाली, “आई, किती क्यूट होतं ना ते? तिकडे म्हणे दोन प्रकार असतात, आपल्या अहो आणि अरे सारखे. ऊ आणि याय. मोठ्या माणसाला ऊ. आणि ऊ वरून याय वर यायचं तर वयाने जो मोठा त्याने ऑफर करायची, धाकट्याने नाही. मार्यके बाबांपेक्षा मोठी आहे. म्हणून ती म्हणाली, आता आपली मैत्री झाली, मला मार्यके म्हणा आणि मी तुम्हाला दत्ता म्हणेन. ऑफिशियली अरे-तुरे.”

“बाबा, प्रमोशन,” सुनील म्हणाला.

हे भाकरी कुस्करत होते. “आमटी वाढ,” मला म्हणाले. एवढंच.

मी आमटी वाढली. मेनेर मी सोसलं होतं. त्या बाईने यांना मान दिला, तो मीही देत होते, तिचा लागला आणि माझा लागला नाही, ठीक. पण अरे म्हणणं वेगळं. आमच्यात पुरुषाला अरे कोण म्हणतं? आई, मोठी बहीण, लहानपणचा सवंगडी. बायकोसुद्धा म्हणत नाही, निदान आमच्या वेळची नाही. ती जागा मी कधी मागितली नव्हती, कारण ती मागायची असते हेच माहीत नव्हतं. आणि ही सायकलवाली केक खाऊन उठते आणि सगळ्यांसमोर मागते, आणि हा माणूस तिचा हात दोन हातांत धरतो. त्या आठवड्यात माझ्या भाकऱ्या कडेला फाटल्या.

बारसं बाराव्या दिवशी करायचं असतं. तिथे ते हॉल मिळेल त्या शनिवारी करतात. कॉलनीचा हॉल, फुगे, पाळण्याला झेंडूची कागदी फुलं. पुण्या-मुंबईची, नागपूरची कॉम्प्युटरवाली पोरं आणि त्यांच्या बायका, आणि एक-दोन जुने डॉक्टर, खूप वर्षांपूर्वी आलेले. मी घुगऱ्या केल्या होत्या, मोठं पातेलंभर. मार्यके निळा झगा घालून आली, हातात मोठा ट्रे. त्यांच्याकडे मूल झालं की टोस्टला लोणी लावून त्यावर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या पसरून वाटतात. झालं. “अय्या, आपली बडीशेप,” म्हणून सगळ्या बायका त्या ट्रेवर तुटून पडल्या. माझ्या घुगऱ्या लोकांनी एकेक चमचा घेतल्या, प्रसाद घेतात तशा. हे तिच्या शेजारच्या खुर्चीवर, इस्त्रीच्या शर्टात.

नाव ठेवून झालं, पाळणा म्हणून झाला, मग पोरींनी उखाण्यांचा आग्रह धरला. एक नागपूरची उठली, जीन्सवर कुंकू लावलेली, आणि म्हणाली, “एक्झिट चुकली दोनदा, तरी म्हणतो रस्ता मला पाठ, निखिलरावांबरोबर फिरता फिरता होणार माझं वय साठ.” हशा झाला. दिवसभर ‘ए निख्या’ म्हणणारी पोरगी, उखाण्यात मात्र निखिलराव. मग मानसीचा झाला. मग सगळ्या माझ्यामागे लागल्या, “आजी, नाव घ्या. काकू, घ्या ना.”

माझा एकच उखाणा होता, लग्नातला. कुठेही घे म्हटलं की तोच घ्यायची, आणि हे दर वेळी जमिनीकडे बघत मिशीत हसायचे. सगळ्या वर्षांत ते एक ठरलेलं होतं. मी पदर सावरला, तोंड उघडलं आणि यांच्याकडे पाहिलं. हे बघतच नव्हते. मार्यकेने काहीतरी विचारलं होतं, हे काय चाललंय असं असेल, आणि हे तिच्या कानाशी वाकून, हात उडवून समजावत होते आणि हसत होते. ती त्यांच्या बाहीवर थोपटत होती. मला वाटलं, आता ती दत्ता म्हणेल, इथे, माझ्या नातवाच्या पाळण्यासमोर. तिच्याआधी मीच म्हटलं.

“दत्तू, इकडे ये.”

ती शांतता, त्या टाळ्या. मग जुन्या डॉक्टरांपैकी एक जण वेळ निभावून न्यायला म्हणाला, “वहिनी तर एकदम अमेरिकन झाल्या,” आणि सगळा हॉल हसला. कोपऱ्यातलं एक पोर आईला विचारत होतं, “व्हॉट डिड आजी से?” हे उठले. मला वाटलं, दाराबाहेर जातील. ते माझ्याकडे आले. सगळ्यांच्या मधून, त्या हसण्यातून, सावकाश चालत आले आणि माझ्यापुढे उभे राहिले, मालकाने बोलावल्यावर फिटर उभा राहतो तसे. आणि हळू आवाजात म्हणाले, “बोला. काय काम होतं तुमचं?”

मी म्हटलं, “पाळण्याची दोरी धरा.” त्यांनी धरली. हॉल रिकामा होईपर्यंत तो पाळणा हलवत होते. त्यात बाळ नव्हतंच, ते मानसीकडे होतं.

मला वाटलं, घरी गेल्यावर भांडतील. भांडले नाहीत. सकाळी स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, “चहा झाला असेल तर द्याल का?” मी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आहे का म्हणून. दुपारी, “तुमचं जेवण झालं का?” संध्याकाळी, “तुम्ही बसा, मी घेतो.” लग्न झाल्यापासून मी यांच्या तोंडून तू, अगं, कधी चिडून शाले, एवढंच ऐकलेलं. आता एकही तू नाही. आवाज चढलेला नाही, चेहरा वाकडा नाही, नुसतं तुम्ही. मानसीला ते फार आवडलं. “बाबा किती रिस्पेक्ट देतात तुम्हाला! सुनील, अरे बघ, शीक काहीतरी.” मी कणीक तिंबत होते, तिंबत राहिले.

कुंपणाशी जाणं यांनी बंद केलं. इस्त्री कपाटात गेली, पायजमा परत आला. म्हणजे मला हवं होतं तसंच सगळं झालं. नवरा दिवसभर घरात, माझ्यासमोर, आणि मला तुम्ही म्हणतोय.

एक दिवस मार्यके दारात आली. हे वर होते, वरूनच सुनेला म्हणाले, झोपलोय म्हणून सांग. मार्यके मला बघून थांबली, मग मानसीला म्हणाली की हे तुझ्या सासूबाईंना सांग. मानसी तिचं वाक्य न वाक्य मराठीत सांगत होती. “आई, ती म्हणते, मेनेर सुतार रागावलेत का? वाढदिवसाला मी जे विचारलं त्याने रागावले असतील. त्यांनी तेव्हाच नाही म्हणून सांगितलं होतं, अगदी चांगल्या शब्दांत, पण तिला वाटतं तिने घाई केली.”

“नाही म्हणाले?” मी विचारलं.

“हो. मी तेव्हा आत होते ना, मला पण माहीत नव्हतं.” मानसीने तिला विचारलं आणि मला सांगितलं. “ते म्हणाले, मला सगळ्या आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नाही. आता तुम्ही म्हणता, तर मी परत जाईपर्यंत तेवढं चालू ठेवा. दत्ता नको.” मार्यकेने माझ्याकडे बघून आणखी काही म्हटलं. “ती म्हणते, त्यांना सांगा, मी मेनेर सुतारच म्हणेन.”

मी मान हलवली. ती तिच्या जाड बुटांनी गेली. मला खरं सांगायचं तर आनंद झाला नाही. माझ्यासाठी नाही म्हणाले असते तर झाला असता. त्या सगळ्यात माझा विचारच नव्हता, तिचाही फारसा नव्हता. त्या माणसाला फक्त मान हवा होता, थोडे दिवस, कुणाकडूनही. आणि त्याचा मी भर हॉलमध्ये, डॉक्टरांपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांच्या देखत, ए सुतार करून टाकला होता.

त्या दुपारी मानसी बाळाला घेऊन दवाखान्यात गेली होती. हे ओट्याशी पाणी पीत होते. मी म्हटलं, “मार्यके येऊन गेली. तुम्ही नको म्हणालात ते घरी का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलं नाही.”

“मला ते तुम्ही म्हणणं पुरे करा आता. तू म्हणा.”

“का? मान नको तुम्हाला?”

“नको.”

यांनी भांडं विसळून पालथं घातलं. “मला हवा होता,” म्हणाले आणि जिना चढून गेले.

मी चुकले म्हणाले नाही. आजही म्हणत नाही. ज्या माणसाला जे बाहेर हवं असतं ते त्याने घरात थोडं मागून बघावं, मिळालं असतं. पण मी तेही बोलले नाही, आणि मग दोघांनीही बोलायची वेळ गेली.

आम्ही परत कराडला आलो. मला वाटलं, आपल्या माणसांत, आपल्या चुलीपुढे ते सुटेल. सुटलं नाही. आधी राग होता, मग हट्ट असेल, पुढे नुसती सवय. कधी एकाचं दुसरं झालं ते मला कळलं नाही, आणि यांनाही कळलं असेल असं वाटत नाही. गल्लीतल्या बायका त्यांच्या नवऱ्यांना सांगायच्या, बघा, सुतारमामा बायकोला अहो-जाहो करतात, अमेरिकेत राहून आलेत ना. एका लग्नात तर कुणीतरी नव्या नवरदेवाला यांचं उदाहरण दिलं. हे जमिनीकडे बघत बसले. मी जेवणाच्या पंगतीला निघून गेले.

काही वर्षांनी मानसीने फोनवर सांगितलं की मार्यके गेली, सायकलवरूनच आली होती घरी, आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेली. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, “तुम्ही फोन नीट ठेवला का?” आणि ओसरीवर जाऊन बसले. नंतर यांनाही दम्याने घेरलं, अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी दुपारी मी उशाशी बसले होते, तर डोळे न उघडता म्हणाले, “तुम्ही जेवून घ्या.” मी उठून जेवून घेतलं. तिघांतली मी राहिले.